पार्टी हॉलमधला उलटा फेर

दुबईत आमच्या अल कुसैसच्या इमारतीत तळमजल्याला एक पार्टी हॉल आहे. पार्टी हॉल हे मालकाने दिलेलं नाव. खरं तर पार्किंगचा एक कोपरा भिंत घालून वेगळा काढलाय आणि त्यात पांढऱ्या टाइल्स आणि दोन मोठे एसी बसवलेत. वाढदिवस, बारसं, डोहाळजेवण, कुणाच्या पोराचा दहावीचा निकाल, सगळं तिथेच होतं. त्या पांढऱ्या टाइल्सवर बरेच महिने पिवळ्या टेपचे बाण चिकटलेले होते. ते मी चिकटवले होते आणि त्यावरून वॉचमन माझ्या डोक्यावर बसला होता.

"मॅडम, ये टेप कब निकालेंगे? ओनर का आदमी आएगा तो मेरे को बोलेगा."

"निकालती हूँ भाई, अगले हफ्ते, इन्शाल्ला," मी म्हणायची. इन्शाल्ला म्हटलं की समोरच्यालाही कळतं, पुढच्या आठवड्यात काही हे व्हायचं नाही.

नवरात्रात आम्ही मराठी बायका त्या हॉलमध्ये भोंडला करतो. मध्ये पाट, पाटावर तांदळाने काढलेला हत्ती, भोवती फेर आणि शेवटी खिरापत. एका वर्षी बायका इतक्या जमल्या की फेर दोन करावे लागले, एक आतला, एक बाहेरचा. आतला एका बाजूला निघाला, बाहेरचा दुसऱ्या बाजूला आणि गाण्यापेक्षा सॉरी सॉरीच जास्त ऐकू यायला लागलं. मी मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी करते. खोर फक्कानच्या बंदराला जाणारे ट्रेलर कुठल्या गेटने आत घ्यायचे आणि कुठल्या गेटने बाहेर काढायचे, हे फोनवर ओरडून सांगण्यात माझा दिवस जातो. माझ्या देखत बायका एकमेकींवर आदळतात म्हणजे काय! पुढच्या नवरात्रात मी ऑफिसातून पिवळी टेप आणली आणि पाटाभोवती बाण मारून टाकले. दिशा अर्थातच प्रदक्षिणेची, घड्याळाचा काटा फिरतो ती. नवरा म्हणाला, "आता एक सिग्नलही लाव." मी लक्ष दिलं नाही. भोंडला त्या वर्षी सुरळीत झाला. टेप मात्र टाइल्सना अशी चिकटली की निघता निघेना आणि मलाही ती काढायची फारशी घाई नव्हती.

आता शेजारणीबद्दल. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये काही फिलिपिनो बायका बेडस्पेसवर, म्हणजे एकेक पलंगापुरती जागा भाड्याने घेऊन राहतात. त्यातली एक दातांच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे. चाळिशीकडे झुकलेली, बुटकी, रुंद खांद्यांची, बोलायला कमी. येता-जाता गुड मॉर्निंग व्हायचं, बाकी काही नाही. एका शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून दणकन आवाज आला, एकदाच, आणि मग कुणीतरी कुणाला तरी गप्प केल्याचा आवाज. सासूबाई सोफ्यावर पोथी वाचत होत्या. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात.

"परात पडली वाटतं त्यांची," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी लिफ्टमध्ये ती भेटली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी गोल आणि जड. मी चौकशी करायला मागेपुढे पाहत नाही. विचारलंच. तिने टॉवेल बाजूला केला. उभ्या काठाची पितळेची परातच म्हणा, पण जाड, काळपट, आणि काठाला भोक पाडून दोरी ओवलेली. गाँग. तिच्या वडिलांनी दिलेला. इथे नोकरीला यायची म्हणून बॅग भरली तेव्हा वजन जास्त झालं, म्हणून तिने कपडे काढून ठेवले आणि हा ठेवला. दोरीने हातात धरायचा आणि काठीने वाजवायचा.

"मग तुम्ही तो बांबूचा डान्स करता का?" मी विचारलं. मुलीच्या शाळेत इंटरनॅशनल डेला दरवर्षी तो असतो. दोन पोरं जमिनीवर बांबू आपटतात आणि मुली मधून पाय वाचवत उड्या मारतात.

"दॅट इज नॉट अवर्स, मॅम," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बोलणं तिथेच थांबलं.

मला मनातल्या मनात हसू आलं, कारण हे दुखणं मला ओळखीचं आहे. ऑफिसात इंडिया डे आला की मला दरवर्षी विचारतात, महाराष्ट्राची म्हणजे लावणी करणार ना? माझ्या माहेरी-सासरी आजवर कुणी लावणी नाचलेलं नाही. आमच्याकडच्या बायका पाटाभोवती फेर धरतात, झिम्मा घालतात, फार तर फुगड्या घालतात, आणि त्यातलं स्टेजवर न्यावं असं कुणाला वाटत नाही. मी तिला हे जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. लिफ्ट आमच्या मजल्यावर आली, दार उघडून पुन्हा बंद झालं, तरी आम्ही आतच.

त्या दिवसापासून ती मला मॅमऐवजी 'आते' म्हणायला लागली. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला आत्या म्हणतात, म्हणून मला आधी वाटलं, ही मला एकदम म्हातारी करून बसली. पण त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात म्हणे. मग हरकत नव्हती.

हळूहळू कळत गेलं. ती फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरातली. त्या डोंगरातल्या लोकांना मिळून इगोरोत म्हणतात, पण त्यातही खोऱ्याखोऱ्याला वेगळी जमात, वेगळी भाषा, वेगळा नाच. एका खोऱ्यातल्या बायका डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन नाचतात. पार दक्षिणेला तर पंखे घेऊन नाचणारे आहेत, माकडाची नक्कल करणारे आहेत, त्यांच्याबद्दल तिलाही माझ्याइतकंच माहीत. तिच्या गावात पुरुष गाँग वाजवत, गुडघ्यात वाकून, ओळीने गोल फिरतात आणि बायका हात पसरून त्यांच्या कडेने चालतात. तिचे वडील त्या ओळीत सगळ्यात पुढे असायचे. इथे तिच्या भागातली चार-सहा माणसं होती. एकजण हॉटेलात, एकजण मॉलमध्ये सिक्युरिटीला, असे. ते सुटीच्या दिवशी कुठेतरी पार्कात जमायचे, पण गाँग वाजला की गार्ड यायचा आणि खलास.

नवरात्र जवळ आलं होतं तेव्हाची गोष्ट. ती दारात उभी राहिली आणि आत ये म्हटलं तरी येईना. तिचे वडील आजारी होते. छातीचं दुखणं, पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले. दवाखाना करून झाला, तालुक्याच्या गावी नेऊन आणलं, उतार पडत नव्हता. तेव्हा घरच्यांनी ठरवलं, जुनं करून बघू. त्यांच्याकडे घरातलं मोठं माणूस असं आजारी पडलं की डुक्कर कापतात, म्हातारे मंत्र म्हणतात, गेलेल्या पिढ्यांना जेवायला बोलावतात आणि मग अंगणात गाँग घेऊन आजाऱ्याची मुलं एकेक करून नाचतात. सगळ्या मुलांनी नाचायचं. ते झाल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. तिची भावंडं नाचली होती. राहिली होती ही, धाकटी.

"मग जाऊन ये ना चार दिवस," मी म्हटलं.

तेच जमत नव्हतं. तिने नुकतं क्लिनिक बदललं होतं. जुना व्हिसा रद्द, नवा अजून लागलेला नाही. मध्येच देशाबाहेर पडली तर नवी नोकरी जाणार, आणि वडिलांचं औषध त्या नोकरीवर चालू होतं. वडिलांनीच निरोप पाठवला होता, तिथे नाच, मी बघतो. आता नाचायला जागा हवी होती. पार्क नको, कारण मध्येच कुणी उठवलं तर? पार्टी हॉल आमच्या नावावर भोंडल्यासाठी बुक होता, हे तिने नोटीस बोर्डवर वाचलं होतं.

"अर्धा तास, आते. फक्त अर्धा तास."

ती चर्चला नेमाने जाते, हे मला माहीत होतं. मी विचारलं, हे आणि ते दोन्ही चालतं? ती म्हणाली, चालतं. मला त्यात काही नवल वाटलं नाही. माझा नवरा विज्ञानाच्या गप्पा मारतो आणि नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो.

जागा दाखवायला मी तिला खाली घेऊन गेले. दिवे लावले. ती आत पाऊल टाकणार तोच थांबली आणि जमिनीकडे बघत राहिली.

"हे बाण कसले?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. तिच्या गावात आयुष्यासाठी नाचतात तेव्हा फेर घड्याळाच्या उलट फिरतो. आणि माझ्या बाणांच्या दिशेने कधी फिरतात, तर माणूस गेल्यावर. बाकीच्या डोंगरातलं ती सांगू शकत नव्हती, पण तिच्या गावात असंच. जित्या माणसासाठी त्या बाजूने एक पाऊलही टाकायचं नाही.

मला माझे वडील आठवले. पुण्यात, वैकुंठ स्मशानात. भावाने खांद्यावर मडकं घेतलं होतं, मागून कुणीतरी मडक्याला दगडाने भोक पाडत होतं आणि भाऊ फिरत होता उलटा. गुरुजींनी हाताला धरून त्याला वळवलं होतं, कारण सवयीने तो सुलट निघाला होता. आयुष्यभर देवाभोवती ज्या बाजूने फिरलो ती त्या दिवशी चालत नाही. मी हे तिला सांगितलं. आम्ही दोघी त्या रिकाम्या हॉलमध्ये उभ्या राहून बाणांकडे बघत होतो. तिची शुभ बाजू ती माझी अशुभ, आणि माझी शुभ ती तिची अशुभ.

पण काम म्हटलं की मला सुचतं. आधी भोंडला करू, खिरापत वाटू, मग हत्तीचा पाट उचलून कोपऱ्यात ठेवू. मध्ये देव नाही, हत्ती नाही, मग प्रदक्षिणा कसली? रिकाम्या जागेत कुणी कुठल्याही बाजूने फिरावं. बाण आहेत तर असू देत, त्यांच्याकडे बघायचं नाही. मी ग्रुपवर सगळ्या बायकांना मेसेज टाकला, की त्यांचा फेर उलटा आहे, तो तसाच असतो, कुणी टोकू नये. सगळ्यांनी अंगठे पाठवले. सासूबाई ग्रुपवर नाहीत. त्यांचे गुडघे त्या आठवड्यात इतके धरले होते की त्या यंदा खाली येणारच नव्हत्या.

शनिवारी दुपारी भोंडला झाला. तिला आम्ही फेरात घेतलं. आमची गाणी तिला कळत नव्हती, तरी पाय बरोबर पडत होते. खिरापत ओळखायच्या वेळी तिने "राइस?" एवढं एकच उत्तर दर वेळी दिलं आणि एकदा ते बरोबरही आलं. मग मी पाट उचलून कोपऱ्यात नेला, भिंतीकडे तोंड करून हत्ती ठेवला, म्हणजे माझ्या मनाची खात्री. तिची माणसं आपापले गाँग घेऊन आली. सिक्युरिटीवाला, हॉटेलवाला, आणखी दोघं, दोन बायका. त्यांनी कपडे बदलले. कमरेला हाताने विणलेलं लाल-काळं जाड कापड, त्यात पांढऱ्या रेघा. तिच्या केसांत मण्यांच्या माळा. नेहमी क्लिनिकच्या निळ्या गणवेशात बघितलेली बाई एकदम परकी दिसायला लागली.

माझ्या मुलीने फोन स्टँडवर लावला. इथे साधा व्हिडिओ कॉल लागत नाही, त्यासाठीचं ॲप वेगळं, आणि ते डोंगरातल्या रेंजवर चालणार की नाही याची सगळ्यांना धाकधूक. चाललं. पडद्यावर एक लाकडी भिंत, पिवळा बल्ब आणि घोंगडीत गुंडाळून टेकवून बसवलेला म्हातारा. गाल आत गेलेले. शेजारी तिची थोरली बहीण. तिकडे रात्र पडलेली होती. म्हातारा नुसता बघत होता.

गाँग सुरू झाले. पार्टी हॉलच्या टाइल्सवर तो आवाज इतका मोठा झाला की आमच्यातल्या एकीने कान झाकले. आधी मला त्यात नुसता ठणठणाट ऐकू आला. मग लक्षात आलं, प्रत्येकाचा ठोका वेगळा, एकाच्या रिकाम्या जागेत दुसऱ्याचा बसतो, आणि मिळून एक चाल तयार होते. पुरुष गुडघ्यात वाकून, पाय आपटत निघाले. सिक्युरिटीवाला पुढे. ती हात पसरून, तळवे वर करून, कडेने चालत होती. पाय जमिनीवरून उचलल्यासारखे वाटतच नव्हते, घासत पुढे जात होते. डोळे फोनकडे. माझ्या पिवळ्या बाणांवरून ते सगळे उलटे चालले होते आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला तिचा नाच पुरा व्हायला हवा होता.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. घरी वाटली डाळीचा एक डबा राहिला होता, तो घेऊन. गुडघे धरलेले असताना लिफ्टने एकट्या उतरल्या होत्या. आत येऊन त्यांनी काय पाहिलं असेल ते मी समजू शकते. नवरात्र, भोंडल्याची जागा, खाली बाण चिकटवलेले आणि माणसं फिरताहेत उलटी. डबा खाली ठेवून त्या सरळ ओळीत घुसल्या. मी पोचेपर्यंत त्यांनी एक हात वर केला होता आणि दुसऱ्या हाताने सिक्युरिटीवाल्याचा दंड धरून त्याला वळवलं होतं.

"अरे बाबा, उलटे कुठं निघालात? असं नाही फिरायचं. असं, असं या."

तो बिचारा इतका गोंधळला की वळला. गाँग एकेक करत थांबले. तिने काहीतरी ओरडून त्याला अडवलं, त्याचा पाय उचललेला होता तो तसाच राहिला. ती जागच्या जागी उभी होती. पसरलेले हात खाली आले होते. असं काही होऊ नये म्हणूनच तिने पार्क टाळला होता. हॉलमध्ये कुणी हालेना. मला सासूबाईंचा असा राग आला की कानशिलं तापली.

"आई, काय केलंत हे!" मी म्हटलं, आणि भराभर सगळं सांगितलं. आजारी वडील, राहिलेला नाच, त्यांची दिशा. फोनकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी वळून पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"मग मला आधी सांगायला काय धाड भरली होती तुला?" एवढं त्या म्हणाल्या. मग लगेच, "आता काय करायचं?"

तेव्हा फोनमधून आवाज यायला लागले. बहीण काहीतरी विचारत होती. म्हाताराही पुढे वाकला होता आणि त्याचे ओठ हलत होते. शेजारीण फोनजवळ गेली, ऐकलं, परत विचारलं, परत ऐकलं. मग माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा निराळाच झाला होता.

त्यांच्या गावात नाच रंगात आला की जमलेल्यांतलं एखादं वडीलधारं माणूस हात वर करून पुढे येतं. ते आलं की गाँग थांबतात. ते माणूस नाचणाऱ्यांसाठी आणि ज्याच्यासाठी नाच आहे त्याच्यासाठी मोठ्याने चांगले शब्द बोलतं, बाकीचे हो म्हणून ओरडतात आणि मग गाँग पुन्हा सुरू होतात. इथे त्यांच्यात कुणी म्हातारं नव्हतं, म्हणून तो भाग त्यांनी सोडूनच दिला होता. आणि तिकडे घोंगडीत बसलेल्या तिच्या वडिलांनी काय पाहिलं? पांढऱ्या केसांची एक बाई हात वर करून पुढे आली आणि गाँग थांबले. ते खूश झाले होते. परक्या मुलुखात आपल्या पोरीसाठी कुणी मोठं माणूस उभं राहिलं. ते थांबले होते, ती बाई काय बोलते ते ऐकायला.

"पापा इज वेटिंग," ती म्हणाली. "लोला काय म्हणते, विचारताहेत." लोला म्हणजे आजी.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या घाबरल्या. "मी? मला काय त्यांचं येतंय?"

"काहीही बोला आई. चांगलं काहीतरी बोला."

त्या फोनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. घरात कुणी वाकून नमस्कार केला की त्या जे म्हणतात तेच म्हणाल्या, फक्त मोठ्याने, कारण त्यांना वाटतं फोनवर लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं.

"औक्षवंत हो, बाबा! शंभर वर्षं जग! पोरीला भेटल्याशिवाय कुठं जाऊ नकोस!"

तिची माणसं जोरात ओरडली. फोनमधूनही ओरडण्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने घोंगडीतून हात काढला आणि वर केला. आमच्या बायकांना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्याही ओरडल्या. "आज्जी, दॅट वॉज सो कूल," माझी मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

सिक्युरिटीवाल्याने "यल्ला" म्हटलं आणि गाँग पुन्हा सुरू झाले. ओळ त्यांच्या बाजूने निघाली. शेजारणीने सासूबाईंचा हात धरला होता, तो सोडला नाही. मी पुढे झाले, कारण मला वाटलं त्या नको म्हणतील. या बाई रात्री झाडूसुद्धा उलटा ठेवू देत नाहीत. त्यांनी एकदा खाली बाणांकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या पाटाकडे.

"चला," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी चालते मी उलटी. माझं काय व्हायचंय आता या वयात."

आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, चप्पल बाजूला काढून, तिच्या हाताला धरून, बाणांच्या उलट चालल्या. हात पसरायला त्यांना जमत नव्हतं, त्यांनी एकच हात वर धरला होता. मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. वाटली डाळीचा डबा दाराशी तसाच राहिला. नाच पुरा झाल्यावर तो त्या सगळ्यांनी संपवला.

महिनाभरात तिचा व्हिसा लागला. नाताळात ती गावी गेली. वडील उठून चुलीपाशी बसायला लागले होते. ती त्यांच्याबरोबर राहिली, त्यांचे दात तपासले, असं परत आल्यावर तिनेच हसत सांगितलं. सासूबाईंसाठी तिने तसलंच लाल-काळं कापड आणलं होतं. सासूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, वीण बोटांनी चाचपली आणि हे तर इरकलीसारखं घट्ट आहे म्हणाल्या. म्हणजे पसंत पडलं. ते त्यांच्या पलंगावर पायथ्याशी असतं.

वॉचमन टेपसाठी मागे लागलेलाच होता. "मॅडम, अभी तो बहुत हो गया." मी इन्शाल्ला म्हणत होते.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी, एका सकाळी, ती दारात उभी राहिली. क्लिनिकचा निळा गणवेश अंगात होता. वडील पहाटे झोपेतच गेले होते. सुटी संपलेली, पुन्हा जाणं शक्य नव्हतं. मी तिला आत ओढलं. ती रडली नाही. पाणी प्यायली आणि विचारलं,

"आते, खालचे बाण अजून आहेत का?"

संध्याकाळी आम्ही खाली गेलो. तिची माणसं आली होती, साध्या कपड्यांत, गाँग न आणता. गेलेल्या माणसासाठी त्यांच्या गावात गाँग वाजवत नाहीत. सासूबाई स्वतःहून आल्या, मी बोलावलं नव्हतं. हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज होता. ते ओळीने उभे राहिले आणि चालायला लागले, हात खाली, पाय घासत. मी भिंतीशी उभी होते. वॉचमन दार उघडून आत डोकावला. हातात टेप खरवडायची पट्टी होती. त्याने आत बघितलं आणि दार ओढून घेतलं.

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "अगं, आज तर आपल्याच बाजूनं चाललेत," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना आठवलं. चप्पल काढून त्यांनी ओळीच्या शेवटी जागा घेतली.

ती पुढे चालत होती. या खेपेला समोर फोन नव्हता, त्यामुळे तिची नजर जमिनीवरच होती. माझ्या पिवळ्या बाणांवर एकामागून एक पाय ठेवत ती चालली होती, आणि तिने एकही बाण चुकवला नाही.